संघटना आहे, पण खेळणारे तिच्यात नाहीत

सांगलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा चोवीस वर्षांचा, दोन मोसम रणजी खेळला. यंदा दुसऱ्याच सामन्यात खांदा निखळला, मोसम संपला आणि मॅच फीसुद्धा थांबली. राज्य असोसिएशनकडे चौकशी केली तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. भारतात क्रिकेटपटूंची संघटना आहे असं कळलं. तिचं सभासदत्व घ्यावं का? इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या संघटना भांडतात, तशी ही त्याच्यासाठी भांडेल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. सभासदत्व मिळणार नाही, आणि मिळालं असतं तरी ही संघटना तशी भांडण्यासाठी बनलेली नाही. पण ‘नाही’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही, कारण असं का आहे हे कळलं की मुलानं काय करावं तेही बरंचसं कळतं. मी पेशानं वकील. सुरुवात कामगार न्यायालयात केली, गेली वीसेक वर्षं खेळाडूंचे करार वाचतो. त्याआधी कांगा लीगमध्ये भर पावसात ऑफस्पिन टाकली आहे, म्हणजे चिखल दोन्हीकडचा पाहिला आहे.

तुम्ही वाचलं ती इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन. बीसीसीआयच्या कारभारात सुधारणा सुचवायला नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीनं खेळाडूंची संघटना असावी असं सुचवलं, जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या शिफारशी मान्य केल्या, आणि तीन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, ही संघटना ना-नफा कंपनी म्हणून नोंदली गेली. तिचं सभासदत्व निवृत्त खेळाडूंपुरतंच आहे. शिवाय तिनं कामगार युनियनसारखं वागू नये, हे तिच्या कल्पनेतच घालून ठेवलेलं आहे. तुमच्या मुलाला तिथे अर्ज करायचा तर आधी खेळ सोडावा लागेल!

म्हणून ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. बीसीसीआयच्या नऊ जणांच्या सर्वोच्च परिषदेत दोन जागा या संघटनेनं निवडून दिलेल्यांच्या असतात, एक पुरुष आणि एक स्त्री. पहिल्या खेपेला अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी होते. २०२२ मध्ये दिलीप वेंगसरकर आणि पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी निवडून आल्या. पेन्शन, आजारपण, दिवंगत खेळाडूंच्या पत्नींचे प्रश्न अशा गोष्टी तिथे मांडल्या जातात. जून २०२२ मध्ये बोर्डानं पेन्शन वाढवलं. ज्यांना महिना १५,००० मिळत होते त्यांना ३०,००० मिळू लागले, वरच्या पायरीला ५०,००० चे ७०,००० झाले. ज्या घरात ते पैसे जातात तिथे विचारा, त्यांची किंमत कळेल. पण ही ज्येष्ठांची संघटना आहे. पगाराचा करार ठरवताना समोरच्या खुर्चीत बसणारी ती नव्हे.

समोरच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या हातात एकच हत्यार असतं: आम्ही खेळणार नाही. निवृत्त माणूस हे कसं म्हणणार? तो तसाही खेळत नाही.

मुंबईत वाढलेल्या माझ्यासारख्याला याचं नवल वाटायचं. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या गिरण्यांपासून शिवाजी पार्क चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या शहरात फेरीवाल्यांपासून बँकेच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांची युनियन होती, तिथे रणजी खेळणाऱ्यांची कशी नव्हती? मला दिसतं ते कारण साधं आहे. त्यांची भाकरी मैदानावर नव्हतीच. गावसकर निर्लॉनमध्ये होते, वेंगसरकर टाटांकडे. कोणी स्टेट बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी एअर इंडियात. टाइम्स शील्ड म्हणजे या कचेऱ्यांचीच स्पर्धा. पगार, रजा, प्रॉव्हिडंट फंड, आजारपण, सगळं कचेरी बघायची. क्रिकेट असोसिएशनशी पैशावरून भांडायचं कशाला? १९८३ चा विश्वचषक जिंकल्यावर खेळाडूंना बक्षीस द्यायला बोर्डाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येकाला लाख रुपये दिले. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे वाटा कसा मागणार?

पुढे बोर्डाकडे पैसा आला आणि कचेऱ्यांतल्या खेळाडूंच्या नोकऱ्या आटत गेल्या. आजचा तेवीस-चोवीस वर्षांचा रणजी खेळाडू हा पूर्णवेळ व्यावसायिक आहे, पण त्याला ना कचेरी आहे ना युनियन. तुमचा मुलगा नेमका या फटीत सापडला आहे.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९८९ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर काही खेळाडू अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले म्हणून बोर्डानं कर्णधार वेंगसरकर, कपिल देव, अझरुद्दीन, रवी शास्त्री, किरण मोरे आणि अरुण लाल अशा सहा जणांवर वर्षाची बंदी घातली. खेळाडू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बंदी उठली. २००२ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी आयसीसीच्या करारात जाहिरातींवर जाचक अटी आल्या, तेव्हा सगळा संघ सही न करता अडून बसला. त्याच वर्षी मन्सूर अली खान पतौडींच्या पुढाकारानं संघटना उभी राहिली, शास्त्री आणि अरुण लाल बोलणी करत होते. बोर्डानं तिला कधी मान्यता दिली नाही, आणि अडचण टळल्यावर ती विरून गेली. पुढे अनिल कुंबळे खेळाडूंच्या बाजूनं बोर्डाशी बोलत, आणि माझ्या मते भारतीय खेळाडूंना मिळालेला तो सगळ्यात तयारीचा माणूस. आकडे पाठ असायचे म्हणतात. पण तीसुद्धा एका माणसाची पत होती, संस्थेची नव्हे. २०१७ च्या अखेरीस कोहली, धोनी आणि शास्त्री सर्वोच्च न्यायालयानं बोर्डावर नेमलेल्या प्रशासक समितीला भेटले आणि मार्च २०१८ मध्ये वार्षिक करारांत सात कोटींची ‘अ-प्लस’ श्रेणी आली. त्याच वेळी रणजीची फी दिवसाला १०,००० वरून ३५,००० झाली, हेही खरं. वरच्यांच्या पंगतीत खालच्यांच्या पानातही पडलं. पण वाढणारा हात बोर्डाचा होता. किती वाढायचं तेही बोर्डानंच ठरवलं.

आता तुमच्या मुलाचा हिशेब करू. २०२१ पासून रणजीत २० सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला दिवसाला ४०,००० मिळतात, २१ ते ४० सामने झालेल्याला ५०,०००, त्यापुढे ६०,०००; राखीव खेळाडूंना याच्या निम्मे. साखळीतले सात सामने पूर्ण खेळला तर २८ दिवसांचे ११ लाख २० हजार. तो दोन खेळला, म्हणजे ३ लाख २० हजार. पहिला आकडा ऐकून शेजारी म्हणतात, पोरगं कमावतंय. दुसऱ्या आकड्यात त्याला पुढचा मोसम येईपर्यंत जगायचं आहे, वर फिजिओ आणि जिम. खेळताना झालेल्या दुखापतीनं उरलेल्या पाच सामन्यांची फी बुडते. कारखान्यात मशीनवर हात सापडला तर भरपाईचा कायदा आहे हे मी कामगार न्यायालयात पहिल्याच महिन्यात शिकलो. इथे खांदा गेला तर ‘बघू’.

याखेरीज बोर्डाच्या ढोबळ उत्पन्नातला वाटा असतो. एकूण २६ टक्के खेळाडूंसाठी: १३ टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना, १०.६ टक्के देशांतर्गत खेळाडूंना, उरलेले महिला आणि ज्युनिअर यांना. कागदावर उत्तम. पण हा पैसा हंगाम संपल्यावर, हिशेब झाल्यावर, राज्य असोसिएशनची बिलं गेल्यावर हाती येतो. २०२० मध्ये उघड झालं की देशांतर्गत खेळाडूंचे २०१६-१७ पासूनचे हप्ते थकले होते. तीन-चार वर्षं! मी स्वतः एका खेळाडूचं प्रकरण पाहिलं आहे (कुठल्या राज्याचा ते सांगत नाही, तो अजून खेळतो). त्याचे पैसे अकरा महिने एका फाइलीत पडून होते, कारण रद्द केलेला चेक जोडायचा राहिला होता आणि तसं त्याला कोणी कळवलंच नव्हतं. तो म्हणाला, “सर, विचारलं तर संघातून काढतील.” या वाक्यात सगळं आलं. जो पैसे देतो तोच संघ निवडतो. रणजीत ३८ संघ आहेत, प्रत्येक जागेसाठी दहा पोरं दाराशी उभी. एकट्यानं तोंड उघडणं किती महाग पडतं हे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि संघटना नावाची वस्तू जगात याच कारणानं जन्माला येते.

इंग्लंडमध्ये ती १९६७ मध्ये जन्मली. सॉमरसेटचा वेगवान गोलंदाज फ्रेड रम्सी यानं काउंट्यांतल्या खेळाडूंना एकत्र केलं. समालोचक जॉन आर्लट अनेक वर्षं तिचे अध्यक्ष होते. किमान वेतन, ठरावीक नमुन्याचा करार, पुढे खेळ सुटल्यावरचं शिक्षण आणि समुपदेशन, असं सगळं हळूहळू मिळवत गेले. इंग्रजी वळणाचं काम: फार आरडाओरडा नाही.

खरा अभ्यास करावा तो ऑस्ट्रेलियाचा. तिथली संघटना नव्वदच्या दशकात उभी राहिली. माजी ऑफस्पिनर टिम मे पुढे होता, आणि १९९७ च्या अखेरीस एकदिवसीय सामन्यांवर बहिष्काराची तयारी झाली तेव्हा कुठे बोर्डानं तिच्याशी करार केला. त्या करारात उत्पन्नाचा ठरावीक वाटा सगळ्या खेळाडूंचा हे तत्त्व आलं. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, बोर्डाला ते मोडायचं होतं. त्यांचा प्रस्ताव असा की उत्पन्नातला वाटा वरच्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंपुरता ठेवू, राज्याच्या संघांतल्यांना ठरलेला पगार देऊ. प्रस्ताव धूर्त होता, कारण स्मिथ, वॉर्नर, स्टार्क यांचं त्यात काहीच बिघडत नव्हतं. त्यांना तर अनेक वर्षांच्या कराराचं आमिषही दाखवलं गेलं. ते हलले नाहीत. ३० जूनला करार संपला आणि १ जुलैच्या सकाळी सुमारे २३० खेळाडू बेकार झाले. ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघ दक्षिण आफ्रिकेला गेलाच नाही. पुढे बांगलादेशचा दौरा आणि त्यामागे ॲशेस. वॉर्नरनं तर ॲशेसला संघच नसेल असं उघड बोलून दाखवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बोर्डानं माघार घेतली. वाट्याचं तत्त्व टिकलं, आणि महिला खेळाडू पहिल्यांदाच त्याच करारात आल्या. त्यांची पाच वर्षांची एकूण रक्कम ७५ लाख डॉलरवरून साडेपाच कोटींवर गेली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुषांची मॅच फी समान झाली, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. फरक एवढाच की आपल्याकडे ती घोषणा होती. तिथे तो करार होता, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा. घोषणा करणाऱ्याला ती मागेही घेता येते. कोविडच्या वर्षी रणजी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच खेळवली गेली नाही, शेकडो खेळाडूंचं उत्पन्न एका झटक्यात शून्य झालं, आणि निम्म्या फीची भरपाई २०२१ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाली. दिली, चांगलं केलं. पण मधल्या महिन्यांत कुणी, कुणाच्या वतीनं, कुठल्या कलमाखाली मागायचं होतं? असं कलमच नव्हतं.

आयपीएलचा आकडाही एकदा मांडून पाहा. २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ मध्ये दहा संघांना खेळाडूंवर खर्चायला प्रत्येकी १२० कोटी होते, मिळून १,२०० कोटी. प्रायोजक, तिकिटं सगळी बाजूला ठेवली आणि सामन्याची फी वेगळी धरली, तरी लिलावाचा सगळा पैसा प्रसारणाच्या पैशाच्या आठव्या हिश्शाइतका. लिलावात कुणाला सत्तावीस कोटी मिळाले की आपण डोळे विस्फारतो, पण एकूण थैली किती असावी यावर खेळाडूंशी कुणी बोलणी केल्याचं मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल वकील युनियनचा प्रचार करतोय. संघटना असली म्हणजे भागलं असं नसतं. १७ ऑक्टोबर २०१४ रोजी धरमशालेत वेस्ट इंडीजचा संघ चौथा एकदिवसीय सामना खेळला आणि दौरा अर्धा टाकून घरी निघाला. लोकांना वाटलं बोर्डाशी भांडण. खरं भांडण स्वतःच्याच संघटनेशी होतं. वेव्हेल हाइंड्स यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेनं बोर्डाशी असा करार केला होता की आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या वाट्यातला पैसा कमी करून त्यातून सहा संघांतल्या नव्वद खेळाडूंना पगारी करार द्यायचे. हेतू वाईट होता का? मुळीच नाही, तुमच्या मुलासारख्यांच्याच भल्याचा होता. पण ज्यांच्या खिशातून पैसे जायचे त्या ड्वेन ब्राव्होच्या संघाला आपल्याला विचारलंच नाही असं वाटलं. बीसीसीआयनं सुमारे ४.२ कोटी डॉलरची भरपाई मागितली. ऑस्ट्रेलियातल्या ताऱ्यांनी जे आपणहून केलं तेच इथे त्यांच्या डोक्यावर लादलं, म्हणून फिसकटलं.

बांगलादेशात २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, भारत दौऱ्याच्या तोंडावर, शाकिब आणि तमीमसह खेळाडूंनी संप केला. अकरा मागण्या होत्या. त्यात आपल्याच संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी राजीनामे द्यावेत ही एक होती, कारण अध्यक्ष एकाच वेळी क्रिकेट बोर्डाचे संचालकही होते. संप तीन दिवसांत मिटला. आमच्या धंद्यात एक जुनी सवय आहे: कुठल्याही युनियनचं पत्रक हातात आलं की आधी पदाधिकाऱ्यांची नावं वाचायची, मागण्या नंतर.

आपल्या संघटनेची अडचण वेगळीच आहे. तिचे लोक प्रामाणिक आहेत, पण हात रिकामे. अंशुमन गायकवाड याच संघटनेचे अध्यक्ष होते. रक्ताच्या कर्करोगावर लंडनमध्ये उपचार घेत होते, पैसे कमी पडत होते, तेव्हा संदीप पाटलांनी जाहीरपणे लिहिलं, कपिल देवनी आपलं पेन्शन देऊ केलं, मग जुलै २०२४ मध्ये बोर्डानं एक कोटी रुपये दिले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ते गेले. चाळीस कसोटी खेळलेला, संघटनेचा अध्यक्ष असलेला माणूस, आणि त्याच्यासाठीसुद्धा मित्रांना लेखणी उचलावी लागली. आजारपणाचा खर्च हक्कानं मिळावा अशी तरतूद असती तर ती वेळ आली नसती.

आता तुमच्या मुलाचं.

संघटनेचं सभासदत्व मिळणार नसलं तरी तिचे प्रतिनिधी तुमच्या राज्यातही असतात. लोढा सुधारणांनंतर राज्य असोसिएशनच्या सर्वोच्च परिषदेतही माजी खेळाडूंचे दोन प्रतिनिधी बसतात. त्यांची नावं शोधा आणि त्यांना भेटा. ते कायद्यानं त्याचे वकील नाहीत, पण बैठकीत बसतात आणि विषय काढू शकतात. मी ज्यांना ज्यांना हे सुचवलं त्यांतल्या निम्म्यांना असे प्रतिनिधी आहेत हेच माहीत नव्हतं.

‘बघू’ तोंडी असेल तर त्याला किंमत नाही. एक पानाचं पत्र द्या: कुठल्या सामन्यात, कितव्या दिवशी दुखापत झाली, संघाच्या फिजिओनं काय नोंद केली, शस्त्रक्रिया किंवा उपचाराचा खर्च किती. पोच घ्या. भाषा सौम्य ठेवा, ‘मागणी’ऐवजी ‘विनंती’ लिहा, काही बिघडत नाही. फिजिओची नोंद मात्र आजच मिळवा. मोसम संपला की फिजिओ बदलतात आणि नोंदी कुणाच्या लॅपटॉपमध्ये गेल्या ते कुणी सांगत नाही.

विम्याची पॉलिसी बाहेर काढा आणि अपवादांचं पान वाचा. अनेक अपघात विमा पॉलिसींत व्यावसायिक खेळात झालेली दुखापत वगळलेली असते, एजंट ते सांगत नाही आणि आपण विचारत नाही. नसेल तर पुढच्या मोसमाआधी ती जोखीम धरणारी पॉलिसी घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी. मॅच फीवर कापलेला कर प्राप्तिकराच्या खात्यात दिसतो, त्याच्याशी मिळालेली रक्कम ताडून पाहा. थकलेला हप्ता बऱ्याचदा तिथेच सापडतो. रेल्वे किंवा बँकेत खेळाडूंची भरती निघाली तर ‘मी आता प्रोफेशनल आहे’ म्हणून नाक मुरडू नये असं त्याला माझ्या नावानं सांगा.

शेवटचं. त्यानं एकट्यानं आवाज उठवावा का, असं तुम्ही पत्राच्या टोकाला, जरा भीत भीतच विचारलं आहे. एकट्यानं नको. संघात दुखापतीनं फी बुडालेला तो एकटाच नसणार. गेल्या तीन मोसमांत असे आणखी चार-पाच निघतील. कर्णधार समजूतदार असेल तर त्याला सांगा, पंधराही जणांच्या सह्यांचं एकच पत्र जाऊ द्या आणि त्यात कर्णधाराची सही पहिली असू दे. पंधरा जणांना वगळून संघ उतरवता येत नाही, हे निवड समितीलाही ठाऊक असतं. पत्राचा मसुदा मी करून देतो, फी नको. फक्त फिजिओची नोंद आणि दोन्ही सामन्यांच्या तारखा पाठवा.